पुरळ आलेलं लेकरू आणि शेजारची गर्भार बाई

२०२४च्या जूनमध्ये पुण्यात एरंडवण्याला झिकाचे रुग्ण सापडले आणि बघता बघता सगळी यंत्रणा कामाला लागली. पालिकेची माणसं घरोघर फिरली, साचलेल्या पाण्याची पिंपं उपडी झाली आणि त्या भागातल्या गर्भवतींच्या रक्ताचे नमुने राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले. ३ जुलैला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सगळ्या राज्यांना कळवलं की गर्भवतींची तपासणी करा आणि लागण झालेल्या बाईच्या पोटातल्या बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवा. पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला २०२१मध्ये राज्यातला पहिला झिकारुग्ण सापडला होता, तो अनुभव गाठीशी होताच. गर्भारपणातल्या विषाणूचा माग काढायचं मनावर घेतलं तर महाराष्ट्राला तो काढता येतो, हे त्या पावसाळ्यात दिसलं.

त्याच सुमाराला आणखी एक विषाणू जगात फिरत होता आणि त्याचाही धोका पोटातल्या बाळालाच जास्त होता. पार्वोव्हायरस बी-१९. जूनमध्ये युरोपच्या रोगनियंत्रण केंद्रानं १४ देशांत त्याचे रुग्ण वाढल्याचं सांगितलं. १३ ऑगस्टला अमेरिकेच्या सीडीसीनं डॉक्टरांसाठी इशारा काढला. तिथे तपासलेल्या रक्तनमुन्यांत ताज्या लागणीची खूण सापडण्याचं प्रमाण आधी तीन टक्क्यांच्या खाली होतं, ते जून २०२४मध्ये १० टक्क्यांवर गेलं होतं. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत तर ४० टक्क्यांवर. आपल्याकडे या बातमीची फारशी वाच्यता झाली नाही. या विषाणूला डास लागत नाही की साचलेलं पाणी लागत नाही. खोकला, शिंक, लाळ एवढ्यावर त्याचं भागतं. आपल्या गर्भवतींना त्याबद्दल कुणी विचारत नाही. विचारायला हवं, आणि करमाळ्यासारख्या तालुक्यात ते आधी विचारायला हवं.

करमाळा हा सोलापूर जिल्ह्याचा उत्तरेकडचा तालुका. एका अंगाला उजनीचं पाणी, त्यावर पोसलेला ऊस आणि परदेशी जाणारी कंदरची केळी. दुसऱ्या अंगाला कर्जत-जामखेडला लागून असलेली कोरडवाहू गावं. केमचं कुंकू गावोगाव जातं, जेऊरला रेल्वे थांबते, पण बाळंतपण अवघड झालं की बाईला सोलापूर नाहीतर पुणं गाठावं लागतं. सोलापूरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरहून लांब, पुणं त्याच्याही पुढे. एवढं अंतर कापायचं तर दुखणं लवकर कळायला हवं. बी-१९चं दुखणं लवकर ओळखण्याची सगळ्यात सोपी खूण घरातल्या नाहीतर अंगणवाडीतल्या लहान मुलाच्या अंगावर दिसते.

लेकराला दोन-तीन दिवस कणकण येते, नाक वाहतं. मग आठवडाभरानं दोन्ही गाल लाल होतात, कुणी चपराक मारल्यासारखे, आणि दंडा-मांड्यांवर जाळीदार पुरळ उठतं. उन्हात खेळून आलं किंवा गरम पाण्यानं आंघोळ घातली की ते पुन्हा उमटतं. गोऱ्या कातडीवर ही लाली चटकन नजरेत भरते, सावळ्या कातडीवर सहज निसटते. तोवर ताप उतरलेला असतो, पोर हुंदडत असतं, म्हणून दवाखान्याची पायरी कुणी चढत नाही. 'उष्णतेचं आहे' म्हणून सोडून दिलं जातं, आजी आंघोळीच्या पाण्यात कडुलिंबाचा पाला टाकते आणि आठवड्याभरात घर ते विसरून जातं. मुलापुरतं पाहिलं तर यात चूक काहीच नाही. मूल आपोआप बरं होतं, त्याला औषधाची गरज नसते.

पण पुरळ दिसू लागतं तोवर मुलाकडून लागण होण्याचे दिवस बहुतेक सरलेले असतात. विषाणू पसरतो तो त्याआधीच्या सर्दीच्या दिवसांत, जेव्हा कुणाच्या मनातही काही नसतं. त्या दिवसांत आई काय करत असते? पोराचं नाक पदराला पुसते, त्यानं अर्धा टाकलेला दूध-भात स्वतः संपवते, कारण अन्न टाकायचं नाही ही घराची शिकवण. त्याच वाटीतून, त्याच चमच्यानं. तिला पाचवा महिना लागलेला असतो. पोराला पुरळ उठलेलं पाहून ती घाबरली आणि त्या दिवसापासून त्याला सासूकडे निजवू लागली, तरी जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणूनच पुरळ दिसल्यावर मुलाला दूर करण्यापेक्षा ती गोष्ट दवाखान्यात सांगणं जास्त कामाचं.

बाईला स्वतःला काय होतं? पुष्कळदा काहीच नाही. काहींना थोडा ताप येतो आणि मग बोटं, मनगटं, गुडघे दुखू लागतात. सोलापूर जिल्ह्यात सांधे धरले की लोकांच्या तोंडी पहिलं नाव चिकुनगुन्याचं येतं, आणि त्याला इतिहास आहे. याच जिल्ह्यातल्या बार्शीत १९७३ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती, वैद्यकीय ग्रंथांत तिची नोंद आहे. २००५-०६मध्ये तो आजार परतला तेव्हा जुन्या माणसांना त्याची आठवण होती. त्यामुळे गर्भार बाईची बोटं आखडली तर घरचे आणि कधी कधी डॉक्टरही चिकुनगुन्या किंवा 'दिवसांमुळे होतंय' म्हणून मोकळे होतात. गर्भारपणात नव्यानं सांधे दुखू लागले आणि घरात लहान मूल असेल तर बी-१९ची शंका घ्यायला हवी, हे अजून आपल्या अंगवळणी पडलेलं नाही.

हा विषाणू करतो काय, ते समजलं की पुढचं सगळं समजतं. रक्तातल्या लाल पेशी ज्या पेशींपासून तयार होतात, नेमक्या त्यांच्यावर तो हल्ला करतो. पेशीच्या पृष्ठभागावर पी नावाचा एक घटक असतो, तोच त्याचा आत शिरायचा दरवाजा. आठ-दहा दिवस लाल पेशींचं उत्पादन बंद पडतं. धडधाकट प्रौढ माणसाच्या लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून एवढा खंड त्याला जाणवतही नाही. पोटातल्या बाळाचं तसं नाही. त्याच्या लाल पेशी दीड-दोन महिनेच टिकतात, आणि चौथ्या ते सहाव्या महिन्यात तर त्याचं यकृत झपाट्यानं नवं रक्त बनवत असतं, कारण बाळ वाढतंय. ऐन त्या घाईत कारखाना बंद पडला की बाळाचं रक्त पातळ होतं, हृदयावर ताण येतो, पोटात, छातीत, कातडीखाली पाणी साठतं. याला हायड्रॉप्स म्हणतात. सोनोग्राफी करणारे डॉक्टर 'बाळाच्या अंगात पाणी दिसतंय' असं सांगतात ते हेच.

भीती किती बाळगायची, याचंही माप हवं. जगभर जवळजवळ निम्म्या किंवा त्याहून जास्त बायकांना हा आजार लहानपणी होऊन गेलेला असतो आणि त्यांना तो सहसा पुन्हा होत नाही. समजा, घरात पुरळ आलेलं मूल आहे अशा शंभर गर्भवती आहेत. पन्नासेक जणींना काही होणार नाही. उरलेल्या पन्नासांपैकी अंदाजे निम्म्यांना लागण होईल. त्या पंचवीस जणींपैकी साधारण तिघींत एकीच्या बाळापर्यंत विषाणू पोचेल आणि खरा धोका एका-दोघा बाळांना असेल. २० आठवड्यांच्या आत लागण झाली तर धोका मोठा, त्यानंतर तो झपाट्यानं उतरतो. म्हणजे शंभरातल्या बहुतेक जणींना धीर द्यायचा आहे, आणि एका-दोघींना वेळेत गाठायचं आहे. या विषाणूमुळे बाळात व्यंग राहतं असंही सहसा घडत नाही, त्यामुळे नुसती लागण झाली म्हणून गर्भ काढायचं काही कारण नाही.

डेन्मार्कमध्ये तीस हजारांहून जास्त गर्भवतींचा एक मोठा अभ्यास १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६५ टक्के बायकांना आधीच आजार होऊन गेल्याचं दिसलं. उरलेल्यांत साध्या वर्षी दीड टक्का आणि साथीच्या वर्षी १३ टक्के बायकांना लागण झाली. त्याच अभ्यासानं आणखी एक गोष्ट दाखवली: घरात जितकी लहान मुलं जास्त तितका धोका जास्त, आणि बालवाडीत शिकवणाऱ्या बायकांना तो इतरांच्या तिप्पट. करमाळा तालुक्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत अडीच लाखांच्या घरात होती. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५च्या आसपास धरला तर वर्षाला पावणेचार हजार बाळंतपणं होतात. डेन्मार्कचे दर त्यांना लावले तर साध्या वर्षी वीसेक गर्भवतींना लागण होईल, साथीच्या वर्षी पावणेदोनशेच्या आसपास. हा ढोबळ हिशेब आहे, करमाळ्यातली मोजणी नव्हे. तरी एका तालुक्यात साथीच्या एका वर्षी दहाच्या पुढेमागे बाळं धोक्यात येऊ शकतात, एवढं त्यातून कळतं.

बालवाडीचा उल्लेख आला म्हणून इथे थोडं थांबायला हवं. या विषाणूचा शोध १९७५चा. लंडनमध्ये इव्हॉन कॉसार्ट या ऑस्ट्रेलियन विषाणुतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी रक्तदात्यांच्या रक्तात काविळीचा विषाणू शोधत होते, तेव्हा बी गटातल्या १९ क्रमांकाच्या नमुन्यात हा अनोळखी विषाणू सापडला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला भारतात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगावी अंगणवाड्या उभ्या राहू लागल्या. पन्नास वर्षांत या योजनेनं खेड्यातल्या मुलांसाठी केलेलं काम मोठं आहे. ते काम ज्या बायकांच्या जिवावर चालतं त्यांच्या बाळंतपणाचा विचार मात्र रजेच्या दिवसांपुरता झाला. रजा १८० दिवसांची, चांगलीच आहे. पण हा विषाणू गाठतो तो त्याच्या कितीतरी आधी, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, जेव्हा सेविका रोज कामावर असते.

अंगणवाडीची एक खोली डोळ्यांपुढे आणावी. सतरंजीवर तीन ते सहा वर्षांची वीस-पंचवीस लेकरं दाटीवाटीनं बसलेली. सेविका एकेकाला वजनकाट्यावर उभं करते, मोबाईलवर पोषण ट्रॅकरमध्ये आकडा भरते, मधेच कुणाचं नाक पुसते, कुणाला शी झाली म्हणून मदतनीस त्याला बाहेर नेते. खिचडीच्या ताटल्या विसळायला पाणी कमी म्हणून एकाच घमेल्यात बुचकळून निघतात. दुपारी सेविका गावात गृहभेटीला जाते, तिथे पुन्हा लहान मुलं. विषाणूला यापेक्षा सोयीची जागा मिळायची नाही. डेन्मार्कच्या बालवाडीत मुलं कमी, हात धुवायला गरम पाणी, तरी तिथे तिप्पट धोका निघाला.

अशा वेळी गर्भार सेविकेला नऊ महिने घरी बसवा असं कुणी म्हणणार नाही. परदेशातले मार्गदर्शक नियमही तसं सांगत नाहीत, कारण विषाणू घरात आणि गावातही असतोच. मात्र दोन गोष्टी सहज करता येतात. सेविका, मदतनीस, जिल्हा परिषद शाळेतल्या पहिली-दुसरीच्या शिक्षिका आणि बालरुग्ण विभागातल्या परिचारिका यांना दिवस गेल्याचं कळताच एकदा आयजीजीची रक्ततपासणी खात्याच्या खर्चानं करून द्यावी. ती सकारात्मक आली, म्हणजे आजार पूर्वीच होऊन गेलेला असला, तर बाई निश्चिंत मनानं कामावर जाईल. नकारात्मक आली आणि तिच्या अंगणवाडीत पुरळाची मुलं निघाली, तर तीन आठवडे तिला नोंदवह्यांचं, अहवालांचं काम द्यावं आणि मुलांजवळ दुसऱ्या सेविकेची नेमणूक करावी. मानधनाला हात न लावता. ही सवलत मागायची वेळ तिच्यावर येऊ नये, पर्यवेक्षिकेनं ती आपणहून द्यावी.

आता सोनोग्राफीकडे. आपल्याकडे गर्भवतीची सगळ्यात नीट सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांना होते, बाळात काही व्यंग आहे का ते पाहायला. ती चांगली आली की घर सुटकेचा श्वास टाकतं आणि पुढची सोनोग्राफी बहुतेक वेळा आठव्या महिन्यात होते. मधले दहा-बारा आठवडे मोकळे. बी-१९ची लागण झाल्यावर हायड्रॉप्स दिसायला दोनपासून आठ, कधी बारा आठवडेही लागतात. सतराव्या आठवड्यात लागण, एकोणिसाव्यात सोनोग्राफी निर्दोष, तेविसाव्यात बाळाच्या पोटात पाणी, आणि सव्विसाव्यात 'बाळ हलत नाही' म्हणून बाई जीपमध्ये घालून आणलेली. असं घडायला कुणाचा हलगर्जीपणा लागत नाही, कारण मधे बघायचं आहे हे कुणाला ठाऊकच नसतं.

लागण झाल्याचं ठाऊक असेल तर बघण्याची पद्धत अगदी ठरलेली आहे. आठ ते बारा आठवडे, दर आठवड्या-दोन आठवड्यांनी सोनोग्राफी. तीत बाळाच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीत रक्त किती वेगानं धावतंय ते डॉप्लरवर मोजायचं. रक्त पातळ झालं की वेग वाढतो. त्या वयाच्या गर्भाच्या मध्यम वेगाच्या दीडपट झाला तर बाळाला रक्तक्षय झाल्याचं समजायचं. जियांकार्लो मारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे सिद्ध केलं आणि सुईविना रक्तक्षय ओळखायची सोय झाली. मग बाळाला आईच्या पोटातच रक्त देता येतं. आईच्या पोटातून सुई नाळेतल्या शिरेत घालतात आणि ओ निगेटिव्ह गटाच्या दाट केलेल्या लाल पेशी हळूहळू सोडतात. न्यूझीलंडमध्ये विल्यम लायली यांनी १९६३मध्ये आई-बाळाचे रक्तगट न जुळण्याच्या आरएच आजारातल्या बाळाला पहिल्यांदा असं गर्भातच रक्त दिलं. तेव्हा ते बाळाच्या पोटात सोडलं होतं, आता थेट शिरेत देतात. बी-१९मध्ये पुष्कळदा एकदाच रक्त देऊन भागतं, कारण आईची प्रतिकारशक्ती विषाणूला आवरते आणि बाळ पुन्हा स्वतःचं रक्त बनवू लागतं. वेळेवर रक्त मिळालेल्या बाळांतली बहुसंख्य जगतात. पुण्या-मुंबईत हे करणारे गर्भवैद्यकतज्ज्ञ आहेत.

म्हणूनच हायड्रॉप्स दिसला की 'आता काही खरं नाही, पिशवी मोकळी करून घ्या' हा सल्ला लगेच देऊ नये. हायड्रॉप्सची काही कारणं खरोखर असाध्य असतात, त्यांत हा सल्ला योग्यही असेल. पण त्याआधी तीन गोष्टी पाहिल्याच पाहिजेत: आईच्या रक्तात बाळाच्या लाल पेशींविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का, बी-१९ची आयजीएम (ताज्या लागणीची खूण) किंवा पीसीआर तपासणी काय सांगते, आणि बाळाच्या मेंदूतल्या रक्ताचा वेग किती. २०२१मध्ये गर्भपात कायद्यात बदल होऊन २४ आठवड्यांपर्यंतची मुदत काही गटांतल्या बायकांना मिळाली, ते बाईच्या हक्कासाठी गरजेचंच होतं. त्या हक्कात पुरेशी माहिती मिळण्याचा हक्कही येतो. बरं होऊ शकणारं बाळ बरं होणार नाही असं समजून ज्या आईनं सही केली, तिला पुढे कधी खरं कळलं तर ती काय करेल?

याउलट जिथे तपासण्यांची गरज नसते तिथे त्या भरपूर होतात. एकदा गर्भ पडला की 'टॉर्च' करून आणा म्हणून चिठ्ठी मिळते. रुबेला, सायटोमेगॅलो, टॉक्सोप्लाझ्मा, हर्पीस. हजारो रुपये जातात, एखादी आयजीजी सकारात्मक येते, म्हणजे फक्त पूर्वी कधी तरी लागण झाली होती, आणि त्यावर महिनोन्‌महिने औषधं चालतात. या नेहमीच्या टॉर्चमध्ये बी-१९ बहुतेक वेळा नसतोच. सरसकट सगळ्या गर्भवतींची बी-१९ तपासणी करा असं इथे मुळीच सुचवायचं नाही, तज्ज्ञ संस्थाही ते सुचवत नाहीत. जिला पुरळाच्या मुलाचा सहवास झाला किंवा जिच्या बाळाच्या अंगात पाणी दिसलं, तिची तपासणी व्हावी. तीही वेळ पाहून. लागण झाल्यावर आयजीएम दिसायला आठ-दहा दिवस जातात, म्हणून दुसऱ्याच दिवशी केलेली तपासणी नकारात्मक आली तरी तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा करायची.

जिचा असा सहवास झाला तिला शोधायचं कसं? त्यासाठी नवी योजना नको. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६पासून चालू आहे, दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची तपासणी होते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी, पोटावरची तपासणी. आशाताई बायकांना गोळा करून आणतात, कार्डावर नोंदी होतात. त्यात एकच प्रश्न वाढवायचा आहे: 'गेल्या तीन आठवड्यांत घरात, शेजारी किंवा कामावर कुणा लेकराच्या अंगावर पुरळ उठलं होतं का, आणि तुमची बोटं-मनगटं दुखली का?' उत्तर 'हो' आलं तर कार्डावर तारखेसकट लिहायचं. मात्र नऊ तारखेच्या या तपासण्या चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी आहेत. पहिल्या तीन महिन्यांतल्या बाईला हा प्रश्न आशाताईनं घरीच विचारायला हवा. आशाताईला त्यासाठी विषाणूचं नावही पाठ करायची गरज नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१मध्ये देशातल्या ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. बायका रक्तस्रावानं, वाढलेल्या रक्तदाबानं जातात. तालुक्याच्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ मिळायची मारामार असताना या विरळ विषाणूचं कौतुक कशाला? उत्तर असं की हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही, आणि तो एकट्या पार्वोपुरता नाही. पुरळाचं तेच 'हो' गोवराचं, कांजिण्यांचं, रुबेलाचंही असू शकतं, आणि गर्भारपणात यातलं प्रत्येक दुखणं वेगळी काळजी मागतं. रुबेलामुळे बाळाच्या डोळ्यांत मोतीबिंदू होतो हे सिडनीच्या नॉर्मन ग्रेग यांना १९४१मध्ये कळलं, ते आयांना तुम्हाला पुरळ आलं होतं का असं विचारूनच. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८पासून गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली, त्याचं बरंच श्रेय त्या जुन्या विचारपुशीला आहे. बी-१९वर लस नाही, म्हणून विचारपूस जास्त महत्त्वाची.

दुसरी सोयही हाताशी आहे. ताप आणि पुरळ असलेल्या प्रत्येक मुलाची नोंद गोवर-रुबेला सर्वेक्षणात होणं अपेक्षित असतं, आणि रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत जातात. २०२२मध्ये मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली तेव्हा या नोंदींचं मोल सगळ्यांना कळलं. नमुन्यात गोवरही नाही आणि रुबेलाही नाही असं निघालं की तो रुग्ण 'दोन्ही नाही' या वर्गात टाकून विषय संपतो. त्या कप्प्यातल्या निवडक नमुन्यांची बी-१९साठी तपासणी केली, तर कोणत्या जिल्ह्यात कधी साथ आहे हे कळेल आणि त्या महिन्यांत गर्भवतींकडे जास्त लक्ष देता येईल. विषाणू विज्ञान संस्था पुण्यात आहे, नमुने आधीच काढलेले आहेत.

सगळ्यात अवघड गाठणं आहे ते ऊसतोड बायकांना. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटली की बीड, पाथर्डीकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, सोबत दोन-तीन लेकरं, उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्या. लेकरं दिवसभर एकत्र, रात्री एकाच गोधडीत. गर्भार बाई पहाटे तोडीला जाते. तिची गर्भारपणाची नोंद गावाकडे, कार्ड गावाकडच्या पेटीत, नऊ तारीख कधी येऊन गेली तिला कळत नाही, आणि एक खाडा म्हणजे मुकादमाच्या उचलीत भर. तिच्या लेकराच्या गालावर लाली आली तर ती कोणाला सांगेल? इथे प्रश्न आशाताईनं फडावर जाऊनच विचारावा लागेल, आणि कारखान्यानं गाडी द्यावी लागेल.

एक खुलासा करायला हवा, कारण 'पार्वो' म्हटलं की गावात लोकांना कुत्र्याचं पिल्लू आठवतं. कुत्र्यांचा पार्वो वेगळा. तो माणसाला होत नाही, माणसाचा कुत्र्याला होत नाही. घरात आजारी पिल्लू आहे म्हणून गर्भार सुनेला माहेरी धाडायचं कारण नाही. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या सिकलसेल असलेल्या माणसांना मात्र हाच बी-१९ गाठतो तेव्हा त्यांचं हिमोग्लोबिन काही दिवसांत धोकादायक पातळीवर उतरतं. त्यांच्या लाल पेशी मुळातच थोडे दिवस जगतात, पोटातल्या बाळासारख्याच.

आणि ज्यांचं बाळ गेलं त्यांचं काय? २०१९मध्ये भारतात सुमारे ३ लाख ४० हजार मृतजन्म झाल्याचा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज आहे, जगातल्या कोणत्याही देशापेक्षा जास्त. त्यातल्या किती जणींना कारण कळलं? कारण कळलं नाही की घरचे ते शोधून काढतात. ग्रहणात विळीला हात लावला. जड हंडा उचलला. कमलाभवानी देवीची ओटी भरायची राहिली. दोष फिरून फिरून बाईवर येतो, आणि दुसऱ्यांदा दिवस गेले की ती धास्तावलेली असते. अशा बाळंतपणानंतर वारेचा तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवता येतो आणि ऊतीवर बी-१९ची पीसीआर करता येते. निदान झालं तर बाईला लेखी सांगता येतं की हे एका विषाणूमुळे झालं, यात तुझी चूक नव्हती, आणि तो तुला पुन्हा होण्याची शक्यता अगदीच कमी आहे. तो कागद ती सासरी दाखवू शकते.

सोलापूर जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला हे सुरू करायला मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही. प्रश्नाची ओळ कार्डावर शिक्क्यानं उमटवता येते, आशाताईंच्या मासिक बैठकीत अर्ध्या तासात समजावून सांगता येते, आणि 'हो' म्हणणाऱ्या बाईला डॉप्लरसाठी कुठे पाठवायचं, १०२ क्रमांकाची गाडी कुठवर जाईल, रक्ताची तपासणी कुठे होईल, हे एका पानावर मावतं. सुरुवात करमाळ्यापासून करता येईल, आणि ते पान कारखान्यांचा पुढचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत प्रत्येक उपकेंद्रात लागलेलं असावं.